लाकडी शाळेचे सोळा खांब

सभा अकराला होती, म्हणून आप्पासाहेब मोघे पावणेअकराला येऊन बसले आणि अकरा वाजून एक मिनिटाने घड्याळाकडे पाहून म्हणाले, "आजची सभा रद्द झाली आहे का?"

"आप्पा, आम्ही सगळे तुमच्या समोरच बसलो आहोत," त्यांचा मुलगा यज्ञेश्वर म्हणाला.

"बसलेले दिसताहेत. सुरू झालेली दिसत नाही."

शाळेत मोठ्या माणसांना बसण्याजोगी खुर्ची एकच होती. ती अध्यक्ष म्हणून आप्पासाहेबांना मिळाली होती. बाकीचे चौथीच्या बाकांवर होते. यज्ञेश्वरचे गुडघे छातीला लागत होते आणि सफारीचं शेवटचं बटण केव्हा तुटेल याचा नेम नव्हता. शेजारी त्याची बायको आनंदी थर्मास आणि साटोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन, माहेरच्या लग्नाला आल्यासारखी ऐसपैस बसली होती. समोरच्या बाकावर पद्मजा, यज्ञेश्वरची धाकटी बहीण आणि शाळेची मुख्याध्यापिका, पाठ ताठ ठेवून बसली होती. एरवी शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या सभा नारायण पेठेतल्या घरी व्हायच्या. "ज्या शाळेबद्दल ठरवणार आहात ती डोळ्यांनी बघून ठरवा," असं म्हणून तिनेच सगळ्यांना जानेवारीतल्या या रविवारी वारज्याला आणलं होतं.

यज्ञेश्वरची मुलगी हेमा सगळ्यात मागे, वही उघडून बसली होती. मंडळाचे सभासद पाच, पाचही मोघे. गोपाळकृष्णकाका नाशिकला राहायला गेल्यावर रिकामी झालेली जागा वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या या नातीला मिळाली होती. ही तिची पहिलीच सभा. इतिवृत्त लिहायचं काम आपोआप तिच्याकडे आलं होतं, कारण ती सगळ्यांत लहान होती आणि अक्षर बरं होतं.

तिच्या पायाशी एक कापडी पिशवी होती. पिशवीत सोळा आगपेट्या होत्या. गेले तीन दिवस ती ती पिशवी घरात कुणाला हात लावू देत नव्हती.

"ठराव वाचतो," यज्ञेश्वर म्हणाला. "शाळेची जुनी लाकडी इमारत पाडून त्या जागी तीन मजली पक्की इमारत बांधावी. निघणारा बर्मा साग टिंबर मार्केटमध्ये विकावा आणि ती रक्कम बांधकामाला लावावी. सूचक मीच."

"आणि बांधणारा?" पद्मजाने विचारलं.

"मीच. नफा न घेता. हे मी तुला चार वेळा सांगितलंय."

"दोन वर्षं माझी एकशे चाळीस मुलं कुठे बसणार, हे एकदाही सांगितलं नाहीस."

"पालिकेच्या शाळेत. बोलणं झालंय."

"ती हायवेच्या पलीकडे आहे, दादा."

"तिथे सिग्नल बसणार आहे."

"तो सहा वर्षं बसणारच आहे." पद्मजाचा आवाज चढला नाही; तिचा आवाज चढण्याऐवजी हळू व्हायचा आणि वर्गातली मुलं त्यालाच जास्त घाबरायची. "मागच्या उन्हाळ्यात इथली पाण्याची टाकी फुटली म्हणून पंधरा दिवस वर्ग पलीकडे भरवले. जाताना त्रेसष्ट मुली होत्या. पंधराव्या दिवशी एकतीस. ट्रकांमधून पहिलीतल्या पोरीला कोण रोज रस्ता पार करून देणार? भावाला पाठवतात, बहिणीला घरी ठेवतात. त्यातल्या सहाजणी इथे पुन्हा वर्ग भरले तरी आल्या नाहीत. पंधरा दिवसांत सहा गेल्या. दोन वर्षांचा हिशेब तू कर, तू इंजिनियर आहेस."

यज्ञेश्वरने तो केला असावा, कारण आकड्यावर तो वाद घालेना. मग म्हणाला, "आणि पावसाळ्यात दोन कौलं पडली, त्याखाली मूल असतं तर? पद्मा, जुलैत धो धो लागला की मी साइटवर असलो तरी माझा जीव इथे असतो. तुला वाटतं मला ही पाडायची हौस आहे?"

हेमाला वाईट याचंच वाटत होतं की दोघंही खरं बोलत होते.

"दादा, हा बर्मा साग आहे," पद्मजा म्हणाली. "पंच्याऐंशी वर्षांत एक खांब हलला नाही. असला साग आता बघायला मिळत नाही आणि तू तो विकायला निघालास."

"बघायला मिळत नाही म्हणूनच तर किंमत येतेय."

आनंदीने थर्मासचं झाकण उघडलं. "म्हणजे साग उत्तम आहे म्हणून विकायचा आणि साग उत्तम आहे म्हणून ठेवायचा. दोघांचं सागावर एकमत आहे. मग भांडताय कशाला? चहा घ्या."

"वहिनी, तुमचं मत कुणाला?"

"आधी चहा घ्या, मग सांगते," आनंदी म्हणाली. पण सगळ्यांना ठाऊक होतं. आनंदीचं मत नवऱ्याला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि एकांत सोडला तर तिने त्याला कुठेही विरोध केला नव्हता. म्हणजे दोन विरुद्ध एक. आप्पासाहेब अध्यक्ष, ते जिकडे जास्त तिकडे जाणार. राहिली हेमा. आत्या तिच्याकडे पाहत होती आणि बाबाही पाहत होते, आणि हेमाने वहीत तारीख दुसऱ्यांदा लिहिली.

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. पुढे काय येणार हे सगळ्यांना तोंडपाठ होतं.

"एकोणीसशे चौदा साली," ते म्हणाले, "माझ्या वडिलांनी, कैलासवासी वामनरावांनी, रंगूनहून मुंबईला आणि मुंबईहून रेल्वेने हा साग आणवला. एकट्याच्या हिंमतीवर. गावात तेव्हा अक्षर ओळखणारा माणूस नव्हता. हे मी सुवर्णमहोत्सवाच्या भाषणात सांगितलं होतं, स्मरणिकेतही छापलं आहे. तेव्हा ठेवायचा असो की विकायचा, तो आपला साग आहे आणि आपणच ठरवायचं आहे. हेमा, व्यापाऱ्याला लेखी हवं आहे ना? तुझा अहवाल वाच."

हेमा उभी राहिली. परवा रात्रीपासून तिने हे वाक्य निरनिराळ्या प्रकारे मांडून पाहिलं होतं. सगळ्यात छोटं तेच बरं, असं ठरवून ती म्हणाली, "सोळा खांबांपैकी एकही सागाचा नाही."

पद्मजाने मान वळवून जवळच्या खांबाकडे पाहिलं.

"तुझा एम.एस्सी.चा निकाल लागला ना?" आप्पासाहेबांनी विचारलं. "की लागायचाय?"

"लागला, आजोबा. पहिला वर्ग."

"मग?"

हेमाने पिशवीतून आगपेट्या काढून बाकावर दोन रांगांत मांडल्या, खांब उभे होते तशाच, आठ आणि आठ. प्रत्येकीवर आकडा. प्रत्येक खांबाच्या मागच्या बाजूने, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तिने नखाएवढी ढलपी काढली होती. ती उकळून, ब्लेडने आडवी तासून भिंगाखाली पाहिली होती. "सागाच्या लाकडात प्रत्येक वर्षाच्या वलयाला मोठी छिद्रं ओळीने असतात," ती म्हणाली, "पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी. यात कुठेच तशी ओळ नाही. पाच खांब बाभळीचे आहेत. चिंचेचे तीन, जांभळाचे तीन. कडुनिंब दोन, ऐन दोन. आणि अकरा नंबरचा आंबा आहे."

"आंबा?" यज्ञेश्वर म्हणाला.

"आंबा."

"पण सगळ्यांचा रंग एकसारखा आहे!"

"तो ऑइलपेंट आहे, बाबा. सुवर्णमहोत्सवाचा. खरवडलं की खाली प्रत्येकाचा वेगळा."

सगळ्यांनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "शेड माझी निवड होती," ते म्हणाले. "दुकानदार 'सागवानी' म्हणाला होता."

आनंदीने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते.

"पण रंगूनचा कागद आहे आपल्याकडे," आप्पासाहेब म्हणाले. "बंदराचा शिक्का असलेला. मी पाहिलाय."

"त्यावर साग किती आला ते लिहिलंय का, आजोबा?"

"साग आला एवढं पाहिलं," आप्पासाहेब म्हणाले. "किती ते कशाला पाहू? समोर सोळा खांब उभे होते."

चौतीस वर्षं छापील, वाचलेलं, हारतुऱ्यांत सांगितलेलं ते सगळं चौथीच्या बाकावर सोळा आगपेट्यांत मांडून ठेवलेलं होतं. हेमाला आजोबांच्या हातावर हात ठेवावासा वाटला. पण ते हात ठेवून घेणाऱ्यातले नव्हते.

यज्ञेश्वर आधी सावरला. "म्हणजे विकून काहीच येणार नाही. ठीक आहे, कर्ज काढू. पण मग तर पाडायलाच हवी. बाभळीवर आणि आंब्यावर एकशे चाळीस मुलं बसवलीत आपण!"

"आणि मी काय सांगू लोकांना?" पद्मजा जवळजवळ स्वतःशीच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. शाळा वाचवण्याच्या तिच्या सगळ्या अर्जांचं पहिलं वाक्य बर्मा सागाचं होतं. "की जळाऊ लाकडाची शाळा आहे, पण पाडू नका?"

"बाभूळ जळाऊ कशी हो?" आनंदी म्हणाली. "आमच्या लोणी काळभोरला बैलगाड्यांची चाकं बाभळीची. माझ्या आजोबांच्या गाडीने तीस वर्षं गूळ ओढला."

यज्ञेश्वरने मान वळवून बायकोकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत चारचौघांत हे पहिल्यांदाच होत होतं.

"मी फक्त चाकाचं सांगितलं," आनंदी म्हणाली. "साटोरी घ्या."

"बाबा, खांब मजबूत आहेत," हेमा घाईने म्हणाली. "मी प्रत्येकात दाभण घालून पाहिलंय. पंधरा एकदम घट्ट आहेत, दाभण वाकलं. आंब्याचा एक पोकळ झालाय. छपराचं मी सांगू शकत नाही, मला वर चढता आलं नाही. पण मला दुसरं एक विचारायचं होतं, आत्या. मला त्याचा उलगडाच होत नाहीये." तिने वहीची शेवटची पानं उघडली. "गुरुवारी आणि शुक्रवारी मी वर्ग चालू असताना आले होते. ढलप्या काढताना कोण कुठल्या खांबाशी बसतं ते लिहून ठेवलं. मुलं भिंतीशी बसत नाहीत. बाकं रिकामी ठेवून खांबाला टेकतात."

"ती सवय मोडता मोडता मी म्हातारी झाले," पद्मजा म्हणाली. "जूनमध्ये हजेरीनुसार बसवते. जुलै उजाडला की सगळी परत आपापल्या खांबाशी. मारून बघितलं, गोडीत सांगून बघितलं. आधीच्या हेडबाईंनीही बघितलं."

"हेच. आपापल्या." हेमाने बोटाने ओळ दाखवली. "तीन नंबरला पाच मुलं, पाचही पायगुडे. वेगवेगळ्या इयत्तांतली. सातला शेलार. नऊला कडू आणि फक्त कडू. सोळांपैकी चौदा खांबांना एकेका आडनावाचीच मुलं आहेत. हे योगायोगाने होणं शक्य नाही. मी आकडेमोड केली."

"भावकी असते. एकमेकांना धरून बसतात," यज्ञेश्वर म्हणाला.

"मग बाकावर धरून बसतील, बाबा. खांबच का? आणि प्रत्येकाचा तोच का?"

"कारन तो त्येंचाच हाय," दारातून आवाज आला.

शाळेचा शिपाई दत्तोबा दारात उभा होता. तो एकटा नव्हता. त्याच्या मागे ओसरीवर पंधरावीस माणसं बसलेली होती, आणि ती आत्ता आल्यासारखी बसली नव्हती. कुणाचा तंबाखू मळून झाला होता, एका बाईच्या मांडीवर मूल झोपलं होतं.

"दत्तोबा, ही मंडळाची सभा आहे," आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय साहेब. म्हून भाईरच बसलोय."

"मग बोलताय आतून."

"आता म्हातारीच बोलंल," असं म्हणून दत्तोबा बाजूला झाला.

काठी टेकत मथुराबाई पायगुडे आत आल्या. ऐंशीच्या आसपासची, बुटकी, नाकात ठसठशीत नथ. त्यांनी कुणाकडे न पाहता सरळ जाऊन डावीकडच्या तिसऱ्या खांबाला पाठ लावली आणि हळूहळू खाली बसल्या. बाकाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. हेमाने नकळत आगपेटीवरचा आकडा पाहिला. तीन. चिंच.

"आप्पासाब, तुमचं वडील घोडीवरनं आले व्हते," मथुराबाई म्हणाल्या. "मी काय तवा न्हवते, पर माज्या बापानं शंभरदा सांगितलंय. चावडीम्होरं उभं ऱ्हाऊन म्हनले, शाळा काढतो. जागा माजी, सुतार माजा. खांब तुमी द्या. घरटी एक झाड. ज्याचा खांब त्याची शाळा. ज्येच्या बांधावर जे व्हतं त्ये त्येनं दिलं. आमची चिंच व्हती. बापानं ती तोडली तर आय तीन दिस बोलली न्हाई. आमटीत आता काय तुजी दाढी घालू का, म्हनली."

ओसरीवर हशा पिकला. आनंदी तर आता मोकळेपणीच हसत होती.

"मी शाळंत आले त्या दिशी बापानं हात धरून हितं आनलं. म्हनला, मथुरे, ह्यो आपला. हितं बसायचं. टेकायलाबी आपलाच आन् मास्तर मारायला लागला तर धरायलाबी आपलाच. पोरगी म्हून शाळंत न्हाई घेत म्हनायला मास्तरची छाती झाली न्हाई. माजा खांब उभा व्हता ना आत! मी दुसरी शिकले. माज्या लेकी शिकल्या. नाती शिकत्यात. सगळ्या हितंच टेकल्यात." त्यांनी मान वळवून खांबाचा रंग नखाने खरडला. "ह्यो च्वाकलेट रंग कुनी काडला कुनास ठाऊक."

आप्पासाहेब छताकडे पाहू लागले.

पद्मजा उठून मथुराबाईंच्या समोर जमिनीवर बसली होती. "मथुराबाई, वीस वर्षं मी इथे आहे. मला हे एकदाही कुणी सांगितलं नाही."

"तुमी कुटं इचारलं? तुमी निसतं 'उठा' म्हनायच्या. आन् आमाला वाटलं तुमाला ठावं असंल. तुमच्याच आज्याची शाळा."

"मलाही माहीत नव्हतं," आप्पासाहेब म्हणाले. इतकी साधी कबुली त्यांच्या तोंडून हेमाने कधी ऐकली नव्हती.

"तुमाला कसं ठावं असनार?" मथुराबाईंचा सूर बोचरा नव्हता, आज उजाडलं, असं सांगावं तसा होता. "तुमी शहरात शिकलात. तुमचा ल्योक शहरात शिकला. मोघ्यांचं एक पोर हितं टेकलं न्हाई."

एक वाक्य. हेमा लिहीत होती, तिचा हात थांबला. तीही शहरातच शिकली होती. इतिवृत्तात हे लिहायचं की नाही याचा नियम कुणी तिला सांगितला नव्हता. तिने लिहिलं.

तेवढ्यात ओसरीवरून एक उंच, पांढऱ्या शर्टातला माणूस आत आला. सर्जेराव शेलार. चार वर्षांपूर्वीपर्यंत ज्वारी पिकवायचा. गाव पालिकेत गेल्यापासून त्याच्याकडे दोन मोटारी होत्या.

"यज्ञेश्वरसाहेब, मी काय म्हंतो, तुमी शाळा पाडा की," तो म्हणाला.

यज्ञेश्वर चकित झाला. "तुमची हरकत नाही?"

"आपली काय हरकत? फकस्त आमचा खांब आमी घिऊन जानार. ट्रॅक्टर भाईरच हाय."

"आमचाबी," ओसरीवरून कुणीतरी ओरडलं.

"कडूंचा नववा! त्येला हात लावायचा न्हाई कुनी!"

"जांभूळ आमचं हाय, बाबा सांगायचे."

"अहो, असं कसं नेता येईल?" यज्ञेश्वर उभा राहिला, बाकही त्याच्याबरोबर थोडा उठला. "इमारत मंडळाच्या मालकीची आहे!"

"खांबांचा कागद आहे का आपल्याकडे?" आनंदीने विचारलं.

"तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"मी नुसतं विचारते. सही करायची म्हटल्यावर विचारायला नको? मला वाटलं होतं लाकूड आपलं आहे म्हणून मी तुमच्या बाजूने होते. आपलं नसेल तर कशी असू?"

यज्ञेश्वरने हिशेब मांडायचा प्रयत्न केला, ती त्याची खोडच होती. "सोळाही घरांनी आपापले खांब नेले, तर मग आमचं काय राहतं?"

"वरचं आढं," मथुराबाई म्हणाल्या आणि काठी वर केली. "त्ये तुमच्या वडलांनी आनलं. लांबनं आलं व्हतं, आगीनगाडीनं. सगळ्या गावात त्याच्याएवढं लांब लाकूड न्हवतं."

सगळ्यांच्या माना वर गेल्या. छपराच्या अगदी शेंड्याला, कौलांच्या फटींतून येणाऱ्या उजेडात, तीन तुकडे जोडून केलेली एक लांब तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती.

"रंगूनचा कागद," आप्पासाहेब पुटपुटले.

"मी ती तपासलेली नाही, आजोबा," हेमा म्हणाली. "पण असेल."

"आढं तुमचं तुमी न्या," सर्जेराव हसत म्हणाला. "पर खांब गेल्यावर त्ये ठेवनार कशावर?"

यज्ञेश्वरसुद्धा हसला. त्याला हसू आवरता आलं नाही, आणि एकदा तो हसला म्हटल्यावर ओसरीवरची माणसं बिनधास्त आत आली.

"एक राहिलंच," हेमा म्हणाली. "अकरा नंबरचा आंबा पोकळ झालाय. तो बदलावा लागेल. तो कुणाच्या घरचा?"

मघापासून एकेका खांबावर दोन दोन हक्क सांगणारी माणसं एकदम गप्प झाली. कुणी पायाकडे पाहिलं, कुणी खिडकीबाहेर.

"अकराला मुलं बसतात," हेमा वही चाळत म्हणाली. "शेलार. तीन. सातलाही शेलारच आहेत, म्हणून मला वाटलं..."

"सर्जा, तिकडं कुटं बघतुयास?" मथुराबाईंनी विचारलं. "सातवा त्या थोरल्या आळीच्या शेलारांचा. तुज्या पणज्यानं आंबा दिला. लोकं बाभळी तोडत व्हती, चिंचा तोडत व्हती, आन् ह्येच्या पणज्यानं दिला आंबा. का? तर कैरी लई आंबट व्हती म्हून!"

हॉल दणाणून गेला. सर्जेरावचे कान लाल झाले होते. "म्हातारे, चारचौघांत..." तो म्हणाला, आणि मग दोन्ही हात वर केले. "बरं, बरं. माज्या खालच्या प्लॉटवर जुनी बाभळ हाय, दोघांच्या कवेत मावत न्हाई. तिथं बिल्डिंग हुनारच हाय. ती बाभळ शाळंला दिली. आन् खांब बसवायचा दिस मी सोताच्या हातानं धरनार."

"सुकवावी लागेल," यज्ञेश्वर पटकन म्हणाला. "ओली बाभूळ उभी केलीत तर फाटेल. तोवर आंब्याला बाजूने लोखंडी टेकू देऊ." तो थांबला. आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि पद्मजाच्याही. ती भावाकडे पाहत होती आणि बरीच वर्षं न पाहिलेलं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं.

"आणि कौलं, दादा?" तिने विचारलं.

"कौलांचा प्रश्न आहेच. तो तुम्ही हसलात म्हणून सुटत नाही. खालच्या पट्ट्या कुजल्या असणार, सगळ्या नव्या घालाव्या लागतील. मे महिन्याच्या सुट्टीत होईल. पस्तीस दिवस." तो जरा घुटमळला. "मुलं कुठे हलवायला नकोत."

पद्मजाने मान हलवली. तिने साटोरी उचलली आणि भावाच्या हातात दिली.

आप्पासाहेबांनी बोटाने खुर्चीच्या हातावर टकटक केली. गावाला ती टकटक ठाऊक नव्हती, पण मोघ्यांचे आवाज बंद झाले म्हणून गावाचेही झाले.

"सभा अजून चालू आहे," ते म्हणाले. "हेमा, लिही. ठराव क्रमांक एक. शाळेची इमारत पाडू नये."

हेमाने लिहिलं.

"कारण विचार."

"कारण, आजोबा?"

आप्पासाहेबांनी एकदा वर पाहिलं, एकदा मथुराबाईंकडे. ते बोलायला लागले तेव्हा भाषणाचा सूर नव्हता. "कारण इमारत आमची नाही."

"आप्पा," पद्मजा हळूच म्हणाली, "'आमच्या एकट्यांची नाही' असं लिहू या का?"

"मी सांगितलं तसं लिहा. सुधारणा पुढच्या सभेत मांडा. आणि पुढच्या सभेला मंडळात गावातले किमान चार सभासद हवेत. मथुराबाई, तुम्हाला सही येते?"

"दुसरी पास हाय मी," मथुराबाई म्हणाल्या.

"उत्तम. आमच्या स्मरणिकेपेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे." आप्पासाहेबांच्या मिशा किंचित हलल्या. "सूचक, आप्पासाहेब मोघे. अनुमोदक?"

पद्मजाचा हात अर्धा वर आला होता. आनंदीचाही. पण आप्पासाहेब त्यांच्याकडे पाहत नव्हते आणि मग त्या दोघीही पाहायच्या थांबल्या. सगळे यज्ञेश्वरकडे पाहत होते. तो दोन रांगांच्या बरोबर मधे, मान मागे टाकून उभा होता. त्याचे ओठ हलत होते. वासे मोजत होता.

"यज्ञा," आप्पासाहेब म्हणाले.

"बेचाळीस," यज्ञेश्वर म्हणाला. मग खाली पाहिलं. "काय? हो. माझं नाव लिही, हेमा. आणि आता सगळ्यांनी जरा बाहेर थांबा, मला मापं घ्यायची आहेत."

कुणीच बाहेर गेलं नाही. उलट मथुराबाईंनी पाय लांब केले. कडूंच्या दोघी जावा नवव्याला टेकल्या. सर्जेरावने पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता अकराव्याला पाठ लावली आणि म्हणाला, "तुमी घ्या की मापं, साहेब. आमी काय मधी येतोय?"

यज्ञेश्वरने खिशातून टेप काढला. एक टोक त्याने मुलीच्या हातात दिलं, आणि सगळ्यांचे पाय ओलांडत, "जरा सरका हो, सरका," असं म्हणत तो शाळेच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला.